ओलांडायची हाळी

मेंढरं वळली तेव्हा माझ्या हातात माईक होता अन् तोंडावर हसू. हसू तिथल्या तिथं वाळलं. तोंडाला कळायच्या आधी पोटाला कळलं होतं, ही आपली मेंढरं हायेत. सकाळचे साडेनऊ, क्रांती चौक, कॉलेजची पोरं, कंपनीच्या बसा, दोन रिक्षावाल्यांची आपसात जुंपलेली, ट्रॅफिकवाल्याची शिट्टी, अन् या सगळ्याच्या पलीकडच्या कडेनं मुकाट चाललेली शे-सव्वाशे मेंढरं एकदम थांबली. माना वर झाल्या. मग मोहरचा, कळपाच्या पुढं चालणारा बोकड दुभाजकाच्या फटीतून घुसला, अन् त्याच्या मागं सगळा कळप, उताराला पाणी निघावं तसा, रस्त्यात उतरला. सरळ माझ्याकडं. एक बस कचकन थांबली. एका मोटारसायकलवाल्यानं ब्रेक मारला, गाडी घसरली, एक मेंढी खाली गेली, अन् माझ्या मागून धम्मपाल टाळ्या पिटत ओरडला, "अरे वा रे अंग्या! आली ना भौ! खरंच आली!" त्याला वाटलं ही माझी आजवरची सगळ्यात भारी गंमत. मला बी तसंच वाटावं अशी लई इच्छा होती.

माझा आवाज तुम्ही ऐकलाय. या शहरात राहत असाल तर रोज सकाळी ऐकता. गल्लीत गाडा येतो, गाड्यावर भोंगा, भोंग्यातून "ताजी मेथीऽ, ताजा पालकऽ, ताई लवकर या, गाडा चालला", तो मी. "रद्दी पेपर, पुराना कूलर, टूटा फ्रिज, बंद टीव्ही", तो बी मीच, फक्त नाकातून. चौकात धम्मपालचं भोंगे दुरुस्तीचं दुकान हाये, त्याच्या कोपऱ्यात एक स्टूल माझं. गिऱ्हाईक येतं, काय विकायचं ते सांगतं, मी त्या मालाचा आवाज काढतो, धम्मपाल पेनड्राईव्हवर भरून देतो. कांद्याचा आवाज येगळा, केळ्यांचा येगळा. केळ्यांना जरा लाडात बोलावं लागतं. पन्नाशी गाठली तरी काड्या करायची खोड काय जात नाय. मागं एकदा धम्मपालच्या बायकोचा, सुकेशनीवैनीचा आवाज काढून त्याला फोनवर म्हणलं, येताना दोन किलो वांगी आणा. वांग्यानं त्याच्या अंगाला खाज सुटते, घरात वांगं येतच नाय, तरी गडी पिशवी भरून घेऊन गेला. वैनीनं पिशवी बघितली अन् त्याला बघितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यानं मला वांगं फेकून मारलं. सांगायची गोष्ट काय, तर माणूस आवाज ऐकला की तोंड बघत नाय. तोंड त्याचं तोच लावून घेतो. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं पोट भरलं. अन् ही गोष्ट मला कुठं कळली, ते आजवर कुणालाच सांगितलं नाय. माझ्या थोरल्या भावाला, त्रिंबकदादाला तर नायच नाय. त्याला ती कळू नये म्हणून मी घर सोडलं, वाट सोडली, मेंढरं सोडली, अन् मजेत राहायचं ठरवलं. मजा हे बी एक काम असतं. रोज उठून करावं लागतं.

आज सकाळी तर काहीच ठरवलेलं नव्हतं. बाहेरच्या रस्त्यावर खोदकाम चालू म्हणून हा कळप शहरातून काढला असावा. मला काय ठाव. मी आलो तर एका कांदेवाल्याचा भोंगा तपासायला काढलेला, धम्मपाल तारा जोडत होता. पलीकडच्या कडेनं मेंढरं दिसली. शहरात मेंढरं दिसली की लोकांचं काय होतं बघा, सगळ्यांनी मोबाईल वर केले, जसं काय जिराफ आले. एका बाईनं गाडीच्या काचा वर करून नाकाला रुमाल लावला. धम्मपाल म्हणला, "बघ रे अंगदराव, तुझे पाहुणे आले. चहा सांगू का दीडशे?" मी म्हणलं, "सांग की. बिनसाखरेचा सांग, त्यांना शुगर हाये." तो म्हणला, "काढ ना त्यांचा आवाज. ते तुझं नेहमीचं." ते माझं नेहमीचं म्हणजे आबाची, माझ्या बापाची हाळी. टाळूला जीभ लावून दोनदा टकाटक, मग पोटातून लांब, शेवटाला वर चढत जाणारं "ह्योऽऽऽ", अन् ते तुटायच्या आत एकदा ओठांनी "ब्र्रर्र". शहरात मी ती शंभरदा काढली असेल. चहाच्या टपरीवर, लग्नात, एकदा बँकेच्या रांगेत. लोक हसतात. हसावं असंच हाये ते, ज्याला ठाव नाय त्याला. ती कुणाच्याच उपयोगाची हाळी राहिली नव्हती, म्हणून मला ती काढता येत होती. मेलेल्या बैलाची शिंगं भिंतीला लावावी तशी. प्रत्येक घराची हाळी येगळी असते, दुसऱ्याच्या हाळीला मेंढरं कानबी हलवत नायत, अन् आमच्या घराची हाळी आबानं स्वतःच्या तोंडानं मोडली होती. मग भ्यायचं काय? मी माईक तोंडाला लावला. भोंगा नवा होता, आवाज चौकातल्या उड्डाणपुलाखाली जाऊन घुमला. अन् मेंढरं वळली.

आमच्या वाटा वैजापूरच्या बाजूनं सुरू व्हायच्या. दिवाळी झाली, रानं मोकळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादायचं, कोंबड्या डालग्यात, कोकरं गोणीत फक्त मुंडकी बाहेर, अन् निघायचं. कुणाच्या कापसाच्या रानात, कुणाच्या कांद्याच्या, चार दिवस इथं बसव, आठ दिवस तिथं. लेंड्या रानाला, ज्वारी आम्हाला. असं करत करत फाल्गुनात पाचोडच्या पुढं, अन् मिरगाच्या आत परत. आबा पुढं, मी अन् दादा मागं. आबाला बोलायची सवय नव्हती. सगळं बोलणं त्यानं हाळीसाठी राखून ठेवलं होतं. चरायला सोडायची येगळी, गोळा करायची येगळी. अन् सगळ्यांच्या वर एक, ओलांडायची. रस्ता असो, ओढा असो, रूळ असो, आधी आबा एकटा पलीकडं जाणार, चारी बाजू बघणार, उभा राहणार. अलीकडं बाकी सगळ्यांनी तोंडं मिटायची. खोकायचं बी नाय. ओलांडताना तोंड एकच. मग आबा हाळी देणार, अन् मेंढरं दुसरं काय म्हणजे काय बघणार नायत, ना मोटार, ना पाणी, ना कुत्रं. आवाज जिथं, तिथं सरळ. पलीकडं आबा उभा हाये म्हणजे पलीकडं बरं हाये, एवढंच त्यांना माहीत. मी लहानपणापासून सगळ्यांचे आवाज काढायचो. पाटलाचा, कंडक्टरचा, कुलकर्णी मास्तरचा, आजारी म्हशीचा. बाया पदर तोंडात धरून हसायच्या. एकदा आबाचा काढायला गेलो तर आबानं काठीनं पोटऱ्या फोडल्या. म्हणला, "सगळ्यांचा काढ. मपला काढायचा नाय." दादा मधे पडला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाव, अंगद्याला सगळ्यांचा आवाज जमतो, आबाचा जमत नाय. अन् मी रोज, कळपाच्या लई मागं राहून, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, तोच घोटत होतो. दोन वर्षं घोटला. आता चोराला सोनं दिसल्यावर तो काय करणार.

मेंढरं दुकानापुढं येऊन दाटली. पायरीवर, मोटारसायकलींच्या मधे, चहाच्या गाड्याखाली. अंगाचा तो वास आला, ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा. धम्मपाल मोबाईल धरून हसत होता. मोटारसायकलवाला शिव्या देत होता, "किसके जानवर है रे, पागल है क्या!" अन् पलीकडून, गाड्यांच्या मधून, पागोट्याचा एक म्हातारा माणूस पळत येत होता. म्हातारा म्हणलं, पण माझ्याहून सहाच वर्षांनी मोठा. काठी वर धरलेली, धोतर गुडघ्याच्या वर, अन् तो मेंढरांकडं बघत नव्हता. तो चौकात मधोमध उभा राहून गरागरा फिरला, पुलाकडं बघितलं, मागं बघितलं, अन् लहान पोरानं जत्रेत ओरडावं तसं ओरडला, "आबाऽ! आबाऽऽ!"

आबाला जाऊन अकरा वर्षं झालीत.

मी माईक खाली ठेवला. हळूच, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून माणूस ज्या हळू हातानं ठेवतो तसा. एवढी अक्कल मला त्या घाईत बी होती. खरं सांगतो, मी दुकानाच्या मागच्या दाराकडं बघितलं. मागं लघवीची गल्ली हाये, तिथून गुलमंडीकडं निघालो असतो तर कुणाला सापडलो नसतो. पण मेंढरं पायाशी दाटलेली. हलता येईना.

त्या दिवशी बी हलता आलं नव्हतं. पाचोडचा बाजार करून मी येत होतो, डोक्यावर पिठाची गोणी, हातात मीठ-मिरची. एकोणीस वर्षांचा. भर दुपार. कॅनॉलच्या या अंगानं मी, त्या अंगाला मेंढरं चरत होती. आबा पुढच्या गावात रान बघायला गेलेला, हे मला ठाव होतं. दादा बाभळीला टेकून काठी तासत बसला होता. पूल हाकेच्या अंतरावर, खालच्या बाजूला. मी बोरीच्या झुडपामागं गोणी ठेवली अन् मला हसू फुटलं. म्हणलं, आता आबाची हाळी देतो. दादा दचकून उठेल, मेंढरं गोळा करून पुलाकडं पळवील, घाम गाळत पलीकडं येईल, अन् बघतो तर आबाच नाय. मग मी झुडपातून निघीन. दोन वर्षांच्या मेहनतीचा तो पहिला प्रयोग. आवाज असा लागला, असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. दादा खरंच उठला. पण मी हाळी दादाला दिली होती, अन् ऐकली मेंढरांनी. मेंढराला पूल कळत नाय. आवाज जिथं, तिथं सरळ. मोहरचा बोकड, त्याच्या गळ्यात पितळेची घंटा, सिमेंटच्या उतारावरून घसरला अन् पाण्यात गेला, घंटा वाजायची थांबली. त्याच्या मागं दुसरं. त्याच्या मागं तिसरं. भरलेला कॅनॉल. उतार शेवाळलेला, चढता येत नाय, पाय लागत नाय. दादा धावला, आडवा पडला, काठीनं, हातानं, लाथांनी मागं ढकलत होता, "आबा, थांबा! आबा, बंद करा!" असं ओरडत होता. मी कधीच बंद केली होती. एकतीस गेली. लोकर भिजली की मेंढरू दगडासारखं जातं, ओरडत बी नाय. मी झुडपामागं बसून तोंडात मनगट धरलं होतं. तेव्हा उठून पलीकडं बघितलं असतं, "दादा, मी हाये" म्हणलं असतं, तर आबानं मला मारून टाकलं असतं, अन् विषय मिटला असता. मी गोणी उचलली. कोसभर लांबच्या पुलावरून फिरून तासाभरानं आलो, अन् घामेजल्या तोंडानं विचारलं, "काय झालं?" आजवर हजार आवाज काढले, पण त्या दोन शब्दांसारखं सोंग परत जमलं नाय.

आबा म्हणला, "म्या हाळी दिली नाय." दादा म्हणला, "आबा, तुमचाच आवाज व्हता. माझी आन." आबा म्हणला, "म्या गावात व्हतो." दादा म्हणला, "मग मला कसं ऐकू आलं?" कुणी माझ्याकडं बघितलं बी नाय. अंगद्याला आबाचा आवाज जमत नाय. आबा कॅनॉलकडं बघत म्हणला, "ही हाळी मोडली. हितून फुडं कुणी द्यायची नाय." त्यानंतर आबा ओरडला नाय. घसा बसल्यासारखा बोलायचा. त्याचं निम्मं मन म्हणायचं तिरमक, म्हणजे दादा, झोपला अन् खोटं बोलतोय, निम्मं म्हणायचं आपलंच डोकं फिरलं, आपणच कुठं तरी उभं राहून हाळी दिली अन् विसरलो. पुढं पुढं तो चालता चालता थांबायचा अन् स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बघायचा, बंद हाये का. मी ते चार महिने बघितलं. मग इकडं पळून आलो. शहरात कुणाचाच आवाज कुणाचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी स्टँडवर कळलं. बरं वाटलं.

त्रिंबकदादा दुकानापुढं आला. आधी मेंढरांवरून नजर फिरवली. खाली पडलेल्या मेंढीपाशी वाकला, तिचा मागचा पाय चाचपला, ती थरथरली. मग मान वर करून त्यानं भोंगा बघितला. मग माईक. मग मला. पागोट्याखाली तोंड करपलेलं, मिशी पांढरी, डोळे मात्र आबाचे. ओळखायला त्याला येळ लागला नाय. मीच म्हणलो, "दादा. रामराम. किती दिवसांनी!" आवाज दिवाळीच्या फोनवर निघतो तसा निघाला. धम्मपाल म्हणला, "अरे, सगे भाऊ का? जय भीम दादा, बसा, बसा ना. तुमचा भाऊ म्हणजे एक नंबरचा नग आहे बघा. तुमच्या वडलांची नक्कल अशी करतो, अशी करतो! वीस वर्षं ऐकतोय मी." दादा त्याच्याकडं वळला. "किती वर्सं?" "वीस. जास्तच."

तेवढ्यात घोडी ओढत दादाची बायको, कस्तुरावैनी आली. घोडीवर पाल, भांडी, उलटी बांधलेली खाट, खाटेच्या पायाला कोंबडी. वैनीनं मला बघितलं अन् तिचं तोंड असं फुललं की मला तिथं गाडून घ्यावंसं वाटलं. "अगं बया, अंगदभावजी! तुमी व्हय! मला वाटलं आबाच आलं वर्नं." ती पदरानं डोळे पुसत हसत होती. "तुमाला तर आबाचा आवाज येत नव्हता म्हनं? आबाच्या तेराव्याला आमी बाया मागं लागलो व्हतो, एकदा काढा, एकदा काढा, तर म्हनले नाय जमत." मी म्हणलो, "आता शिकलो वैनी. शहरात येऊन." ती म्हणली, "हुबेहूब. डिट्टो. काढा की परत. लई दिस झालं आबाला ऐकून."

दादा पायरीवर बसला, मेंढीचा पाय मांडीवर घेतला, कमरेचा फडका सोडून पट्टी बांधायला लागला. त्याची बोटं मी बघत होतो. हीच बोटं त्या दिवशी कॅनॉलच्या सिमेंटवर सोलून निघाली होती. मला आता वाटतं, तो तेव्हा ओरडला असता, काठी घातली असती, तर मी लगेच काही तरी जमवलं असतं. माझ्याकडं सगळ्यांना द्यायला काही ना काही आवाज असतो. रडका बी असतो. पण तो पट्टी बांधत होता. मी विचारलं, "दादा, पण आबानं तर हाळी मोडली होती. मेंढरं कशी वळली?"

"आबानं मोडली," दादा म्हणला. मान वर न करता. "म्या चालू ठिवली. आबाला ऐकू जाणार नाय इतक्या लांब गेलो की द्यायचो."

"कशाला?"

"बगाया." त्यानं दातानं फडका फाडला. "म्या देतो ती कशी येती अन् त्या दिशी ऐकली ती कशी व्हती. जुळती का. दर ओलांडनीला बगितलं, अंगद्या. नाय जुळायची. मपल्या तोंडून आबावानी नायच यायची. मग वाटायचं, त्या दिशी बी कान वाजले आसतील. झोप लागली आसंल. सपान पडलं आसंल." त्यानं गाठ मारली. मेंढी उभी राहायला बघत होती, त्यानं तिला धरलं. "आज जुळली."

वैनीचं हसू हळूहळू उतरत गेलं. तिला सगळं कळलं नसेल, पण बाईमाणसाला नवऱ्याची पाठ वाचता येते. धम्मपाल मोबाईल खिशात घालून आत गेला अन् उगाच एक तार सोलत बसला.

"म्हंजे म्या खोटं बोललो नव्हतो," दादा म्हणला. मला नाय, मेंढीला सांगितल्यासारखं.

आता राहिलेलं बी सांगतो, कारण कॅनॉलचं एकोणीस वर्षांच्या पोरावर ढकलता येतं, हे ढकलता येत नाय. आबा गेला त्या दुपारी मी वैजापूरकडं घरी होतो. निरोप आला म्हणून गेलेलो. आबा आत खाटेवर, दादा उशाशी, मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी. आबानं विचारलं, त्या बसल्या घशानं, "तिरमक. खरं सांग. म्या दिली व्हती का रं हाळी?" दादानं एकदा वर बघितलं. मी समोरच होतो, उंबऱ्यावर, चाळिशीला टेकलेला बाप्या माणूस, तोंडात जीभ असलेला. दादानं मान खाली घातली अन् म्हणला, "नाय आबा. तुमी नाय दिली. मला डुलकी लागली व्हती. म्या खोटं बोललो." म्हातारा सुटला. दिसलं मला ते, कपाळ सैल झालं. मग तो म्हणला, "मला ठाव व्हतं," अन् भिंतीकडं तोंड केलं. परत दादाकडं वळला नाय. तसाच गेला. माझ्या हातात तांब्या होता. पाणी हललं बी नाय.

"तू दाराशी व्हतास," दादा म्हणला. आता तो माझ्याकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणलो.

हा माझा आवाज होता का, ठाव नाय. लहान निघाला.

ट्रॅफिकवाला आला. "ओ मामा, चला, हटवा ही जत्रा. आधा घंटा झाला." गाड्यांची रांग पार लांबपर्यंत गेली होती. दादानं उठून मेंढी वैनीच्या हाती दिली. मग मला म्हणला, "पलीकडं जा."

"दादा..."

"जा पलीकडं. उभा ऱ्हा. चारी बाजू बग. अन् मग दे." त्यानं भोंग्याकडं बोट केलं. "त्याच्यातनं नाय. तोंडानं. आबाची."

मी गेलो. ट्रॅफिकवाल्यानं हात आडवा केला, गाड्या थांबल्या. रस्ता ओलांडायला मला मोजून तीस पावलं लागली असतील, पण ती तीसही उताराची वाटली. पलीकडं उभा राहून मी वळलो. मधे मोकळा, काळा रस्ता, उन्हानं ओला दिसणारा. त्या अंगाला मेंढरं अन् त्यांच्या मधे काठी धरून दादा, तोंड मिटून. अलीकडं बाकी सगळ्यांनी तोंडं मिटायची. मी चारी बाजू बघितल्या. हे मी जन्मात पहिल्यांदा करत होतो. त्या दिवशी हेच राहिलं होतं. जीभ टाळूला लावली, अन् दिली. भोंग्याशिवाय, नागडी. मेंढरांनी माना वर केल्या. मोहरचा बोकड निघाला. सगळी आली, एक बी आडवीतिडवी झाली नाय, माझ्या पायांना घासत पुढं गेली. दादा डोळे मिटून ऐकत होता. सगळ्यात मागून वैनी घोडी घेऊन, अन् तिच्या मागून दादा, जखमी मेंढी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून, तिचे चारी पाय छातीपाशी धरून. मला वाटलं थांबेल. शिवी देईल, थुंकेल, काही तरी देईल. तो माझ्या शेजारून गेला. मेंढीनं मात्र माझ्याकडं मान वळवून बघितलं.

धम्मपाल म्हणतो, त्यानंतर मी चौकातल्या उड्डाणपुलावर चढून गेलो. असेल. पुलावरून खाली पुढच्या चौकापर्यंत, अमरप्रीतपर्यंत सगळा रस्ता दिसतो. तिथं त्यांना परत डावीकडून उजवीकडं जायचं होतं, बीडच्या वाटेला लागायचं तर. कळप कडेला उभा राहिला. आता दादा पलीकडं जाईल, वळेल, हाळी देईल, अन् दोन मिनिटांत सगळं होईल, असं मी धरून चाललो. तो गेलाच नाय. मेंढी खांद्यावरून उतरवून वैनीकडं दिली, बोकडाच्या शिंगाला धरलं, अन् त्याला ओढत रस्त्यात घातलं. बोकड पाय रोवून उभा. त्याला हाळीची सवय. दादानं मागून ढकललं. मग एक मेंढी, तिला मानेला धरून. मग दुसरी. वैनी काठी आपटत होती, मेंढरं मागं पळत होती, गाड्या भोंगे वाजवत मधून घुसत होत्या, कुणी तरी खिडकीतून ओरडत होतं. दोन माणसं, शे-सव्वाशे मेंढरं, अन् मुकी. नेलेली परत यायची, परत न्यायची. पाऊण तास. इतक्या लांबून बी मला दिसत होतं, दादाचं तोंड घट्ट मिटलेलं.

माझी हाळी तिथपर्यंत गेली असती. वारा तिकडचाच होता. मी जीभ टाळूला लावली बी होती.

मग मला दाराशी धरलेला तांब्या आठवला, अन् मी जीभ खाली घेतली. या खेपेला गप्प बसणंच बरोबर होतं. पण मी एवढ्या सरावानं गप्प बसलो की माझं मलाच कळेना, ह्याला लाज म्हणायची का सवय. खाली शेवटची मेंढी दादानं उचलून पलीकडं नेली, अन् कळप निघाला, बिनआवाजाचा, मागं वळून न बघता. पुलावर माझ्या शेजारी एक पोरगी मोबाईलवर काही तरी लावून हसत होती. कान दिला तर तीच हाळी. सकाळचीच. कुणी तरी चौकातून टाकली होती. तिनं परत लावली. परत. मी खाली बघितलं. कळप लई लांब गेला होता, तिथपर्यंत काही ऐकू जात नाय.

तरी मी बघत राहिलो, वळतायत का.